पायातलं वल्हं: स्कूबाच्या फिन्स काम कशा करतात आणि पाय मारायचे कसे

नौदलातून निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' हे जहाज सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्राच्या तळाशी बसवायचं आणि तिथं पाण्याखालचं संग्रहालय उभं करायचं, ही योजना जाहीर झाल्यापासून माझ्याकडे स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याची, चौकशी करणारे वाढले आहेत. प्रश्न ठरलेले असतात. कान दुखतात का? तोंडानं श्वास घ्यायला जमतो का? पोहता येत नसलं तर चालतं का? पायात घालायच्या लांब पात्यांबद्दल, म्हणजे फिन्सबद्दल, मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. बोटीवर त्या अगदी शेवटी पायात चढवतात, फोटोत छान दिसतात, आणि पाण्यात उतरल्यावर माणूस लहानपणी विहिरीत सांगड बांधून मारायचा तसेच पाय मारायला लागतो.

मीही तसंच केलं होतं. मालवणच्या किनाऱ्यावर कोर्स करताना पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत माझी निम्म्याहून जास्त हवा संपली. शेजारून चाललेल्या प्रशिक्षकाचे पाय मात्र हलताना दिसतच नव्हते. तीन-चार सेकंदांनी ते एकदा उघडायचे, मिटायचे, आणि मधल्या वेळात तो नुसता सरकत राहायचा. आम्ही दोघं एकाच वेगानं चाललो होतो. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पाण्याक मारू नकात, पाण्याक ढकला." या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

पाण्याचा अडथळा कसा वाढतो

समुद्राचं पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असतं. कमरेएवढ्या पाण्यातून पळून बघितलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते पुढचं. पाण्यातला अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो. आणि तो दुप्पट वेग टिकवून ठेवायला लागणारी ताकद होते आठपट. एवढं लांब जायचीही गरज नाही. नुसता सव्वापट वेग हवा असेल तरी जवळजवळ दुप्पट ताकद मोजावी लागते.

रस्त्यावर आपली सवय उलटी असते. जरा भरभर चाललं की जरा लवकर पोहोचतो, थोडा घाम येतो, हिशेब जुळतो. पाण्यात तो जुळत नाही. तिथं घाईचा भाव फार चढा आहे, आणि तो पाठीवरच्या टाकीतून चुकवावा लागतो. म्हणून डायव्हर लोक सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहूनही हळू चालतात. रमतगमत चालणाऱ्या माणसाच्याही निम्म्याहून कमी वेग आहे हा.

थोडं पाणी जोरात, की खूप पाणी हळू?

पाण्यात पुढे जायचं तर पाणी मागे ढकलावं लागतं, दुसरा मार्ग नाही. पण किती पाणी आणि किती वेगानं, हे आपल्या हातात असतं. समजा, एका माणसानं १० किलो पाणी सेकंदाला १ मीटर वेगानं मागे लोटलं आणि दुसऱ्यानं २ किलो पाणी सेकंदाला ५ मीटर वेगानं. दोघांना पुढे मिळणारा रेटा सारखाच, कारण रेटा म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. खर्च मात्र सारखा नाही. ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे दुसऱ्याला पाचपट शक्ती लागली.

होडी चालवणाऱ्यांना हे सूत्र न शिकताही माहीत असतं. वल्ह्याचं पातं रुंद असतं आणि ते सावकाश ओढलं जातं. काठीनं भराभर पाणी कापलं तर फेस होईल, होडी तिथंच राहील. आपलं पाऊल या बाबतीत काठीच्या जवळचं आहे. ते अरुंद आहे, घोट्यातून पुढे वळलेलं आहे, चालण्यासाठी घडलेलं आहे. मांडीत आणि नितंबात मात्र शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू आहेत. म्हणजे ताकद आहे, ती पाण्यापर्यंत पोहोचवायला पातं नाही. फिन नेमकी तेवढी उणीव भरून काढते. ती तुम्हाला ताकद देत नाही. मांडीच्या ताकदीनं एका वेळी जास्त पाणी धरायची सोय ती करते.

ही कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं लहानपणी दोन्ही हातांसाठी लाकडी पाट्या बनवल्या होत्या. वेग वाढला, पण मनगटं दुखली. तळपायालाही त्यानं तसलंच काही बांधून पाहिलं, ते त्याला पटलं नाही. रबरी फिन्सचं पेटंट घेतलं फ्रान्सच्या नौदलातल्या लुई द कॉर्लिये या अधिकाऱ्यानं, १९३३ साली. पुढे अमेरिकेत ओवेन चर्चिल यानं त्या मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतल्या आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या पाण्यात पोहत जाणाऱ्या सैनिकांच्या पायात त्या पोहोचल्या. हा चर्चिल १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला माणूस. पाण्याची ओढ कळणाऱ्यानं हा धंदा उभा केला, यात मला काही योगायोग वाटत नाही.

पातं वाकतं, म्हणूनच माणूस पुढे जातो

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथंच आहे. पाय तर वर-खाली हलतात. मग माणूस पुढे का जातो? वर-खालीच का होत नाही?

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. रुंद टबात पाणी घ्या. एक जाड स्टीलची पट्टी आणि एक पातळ, लवचीक प्लॅस्टिकची पट्टी घ्या. एक टोक बोटांत धरून पट्टी पाण्याखाली आडवी ठेवा आणि मनगटानं सावकाश वर-खाली हलवा. दुसऱ्या हाताचा पंजा पट्टीच्या मोकळ्या टोकापासून वीतभर पुढे धरा. जाड पट्टी हलवताना पाणी वर आणि खाली ढवळलं जातं, पंज्याला फारसं काही जाणवत नाही. पातळ पट्टी हलवायला लागलात की काही क्षणांत पंज्यावर एक धार लागते. पाणी टोकावरून सरळ पंज्याकडे, म्हणजे फिनच्या बाबतीत मागे, निघालेलं असतं.

कारण असं. पाय खाली जातो तेव्हा पात्याचं टोक थोडं मागे रेंगाळतं आणि पातं वाकतं. वाकलं की त्याचा दाबणारा पृष्ठभाग खाली बघण्याऐवजी तिरपा, मागच्या बाजूला बघायला लागतो. पाणी त्या उतारावरून मागे सरकतं आणि त्याच्या उलट रेट्यानं आपण पुढे जातो. पाय वर येताना पातं उलट्या बाजूला वाकतं आणि पुन्हा तेच घडतं. ताडाच्या पानाच्या पंख्यानं वारा घेतलेल्यांना हे हातानं माहीत आहे. पान जरा लवचीक असेल तर वारा चेहऱ्यावर येतो, लाकडाची फळी हलवली तर हात भरून येतो आणि वारा सगळीकडे पांगतो.

वाकणं किती, यावर फिनचा स्वभाव ठरतो. फार ताठ पातं असेल तर पाणी वर-खाली ढकललं जातं आणि पोटऱ्या भरून येतात. फार मऊ असेल तर पातं दुमडतं, पाणी निसटून जातं, पाय हलके लागतात पण अंतर कापलं जात नाही. चांगल्या फिनचं पातं पावलाजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून ते एकाच जागी न मोडता सगळ्या लांबीत कमानीसारखं वळतं. दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या असतात त्या पाणी बाजूनं सांडू नये म्हणून. सूपाला कडा असते ना, तसंच ते.

आणखी एक बारीक गोष्ट. पात्याच्या टोकावरून प्रत्येक फटक्याला पाण्याचा एक भोवरा सुटतो, वरच्या फटक्याला एका दिशेनं फिरणारा, खालच्याला उलट दिशेनं. हे भोवरे योग्य अंतरानं सुटले तर त्यांच्या मधून मागे जाणारी धार तयार होते. मासे, डॉल्फिन, इतकंच काय उडणारे पक्षीही हा ताल सांभाळतात. शेपूट सेकंदाला किती वेळा हलते, गुणिले ती किती रुंद हलते, भागिले पुढे जायचा वेग, असा एक साधा आकडा काढतात. आरामात जाणाऱ्या बहुतेक प्राण्यांमध्ये तो ०.२ ते ०.४ च्या दरम्यान येतो. माणसाला हा हिशेब लावून बघा. सेकंदाला अर्धा मीटर वेग आणि टोकाची हालचाल ४० सेंटिमीटर धरली, तर एक पूर्ण फेरा, म्हणजे पाय खाली जाऊन परत वर, साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांचा निघतो. टाकी आणि जॅकेट अंगावर असल्यानं आपल्याला माशापेक्षा थोडं जास्त करावं लागतं, हे खरं. पण सेकंदाला दोन-दोन फटके मारणारा माणूस या तालाच्या किती बाहेर आहे, ते यावरून दिसतं. भोवरे एकमेकांत मिसळतात, धार तयारच होत नाही, आणि पाणी नुसतं घुसळलं जातं.

दुकानात दिसणारे प्रकार

सरळ एकसंध पात्याची फिन सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची. पात्याच्या मुळाशी खिडक्या असलेली, जाड रबरी, आखूड आणि जड फिन १९६० च्या दशकात आली. गुहांमध्ये आणि बुडालेल्या जहाजांत जाणारे आजही तीच पसंत करतात, कारण ती ताठ असते आणि पायाचं बारीकसं वळणही पाण्यापर्यंत पोहोचवते. मधोमध चिरलेली, दोन पात्यांची फिन १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाजली. गुडघे दुखणाऱ्यांना ती खरोखर बरी पडते, पाय हलके लागतात. पण तिच्यावर मागे सरकणं, जागच्या जागी वळणं नीट जमत नाही. आणि दम रोखून खोल जाणारे फ्रीडायव्हर वापरतात त्या हातभर लांब पात्याच्या फिन्स स्कूबासाठी घेऊ नयेत. त्या खुल्या पाण्यात सरळ वर-खाली जाण्यासाठी आहेत, खडकांजवळ वळताना त्यांचं टोक कुठं लागतं तेही कळत नाही.

महागड्या घेतल्या तर फरक पडेल का, असं विचारतात. पडेल, पण थोडा. पाऊल त्यात कसं बसतं, याचा फरक त्याहून जास्त पडतो. सैल असेल तर पाय आत सरकतो, ताकद वाया जाते, फोड येतात. घट्ट असेल तर बोटं आखडतात आणि गोळा येतो. टाच उघडी, मागे पट्टा आणि आत रबरी बूट, अशी जोडी आपल्या किनाऱ्यावर सोयीची. खडकावरची कालवं अनवाणी पायाला ब्लेडसारखी कापतात, आणि बोटीच्या शिडीवर बूट लागतोच.

आधी आडवे व्हा

फिन बदलण्याआधी, किक शिकण्याआधी एक परीक्षा करा. पाण्याखाली स्थिर असताना पाय मारणं पूर्ण थांबवा आणि तीन-चार श्वास शांतपणे घ्या. खाली जायला लागलात का? तर तुमची अडचण पायांत नाही, वजनात आहे.

पाण्यात बुडता यावं म्हणून कमरेला शिसं बांधतात आणि तरंगणं सांभाळायला हवा भरता-सोडता येणारं जॅकेट असतं, त्याला बीसीडी म्हणतात. नवख्या माणसाला बहुधा गरजेपेक्षा जास्त शिसं दिलेलं असतं. कमरेचं वजन पाय खाली ओढतं, जॅकेटमधली हवा छाती वर उचलते, आणि माणूस पाण्यात जिना चढत असल्यासारखा तिरपा होतो. आता त्यानं मारलेली प्रत्येक किक त्याला पुढे नेण्याबरोबर वरही ढकलते. म्हणून तो बुडत नाही. पाय थांबवले की बुडतो, म्हणून तो पाय थांबवत नाही. हे चक्र मी इतक्या जणांमध्ये पाहिलं आहे की आता दुरूनही ओळखू येतं.

तिरपेपणाचा दुसरा तोटा अडथळ्याचा. आडव्या माणसाला पाणी कापायला लागतं ते साधारण छाती आणि टाकी मिळून अर्ध्या मीटर उंचीचं. तोच माणूस ३० अंशांत तिरपा झाला तर ही उंची सव्वा मीटरच्या आसपास जाते. दार आडवं धरून जिन्यातून न्यायचं की सरळ करून, एवढा फरक आहे हा. शिसं कमी करणं, ते कमरेवरून थोडं वर सरकवणं, मान उचलून समोर बघणं, गुडघे वाकवून पावलं पाठीच्या रेषेत आणणं, यांनी जेवढा वेग वाढतो तेवढा कुठल्याही फिननं वाढत नाही.

फ्लटर किक: पाय मांडीतून हलतो, गुडघ्यातून नाही

आळीपाळीनं एक पाय वर, एक खाली, ही फ्लटर किक. सगळ्यांना आधी हीच शिकवतात. हिच्यात होणारी चूकही एकच, सायकल चालवल्यासारखं गुडघे पुढे-मागे करणं. तेव्हा पातं आपल्याच दिशेनं, सुरीसारखं पाणी कापत सरकतं आणि काहीच ढकललं जात नाही. पाय खुब्यापासून हलला पाहिजे, गुडघा फक्त सैल, आणि घोटा लांबवलेला. वज्रासनात बसतो तेव्हा पावलाची वरची बाजू जमिनीला टेकते, घोट्याची ती लांबवलेली अवस्था इथं हवी असते. रोज थोडा वेळ वज्रासनात बसणाऱ्यांना फ्लटर किक लवकर जमते, हे मी पाहिलं आहे.

खालचा फटका मांडीच्या पुढच्या स्नायूंचा, तो आपोआप जोरात बसतो. वर येणारा फटका बहुतेक जण सोडून देतात. तो मुद्दाम, पोटरी वर उचलत पूर्ण केला की त्यातूनही रेटा मिळतो.

फ्लटर किकची खरी अडचण वेगळी आहे. खालच्या फटक्याचं पाणी खाली जातं. तळाशी वाळू किंवा गाळ असेल तर तो उसळतो.

बेडकाकडून काय घ्यायचं

तारकर्ली-देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा नद्यांचा गाळ आपल्या किनाऱ्याला लागून पसरलेला असतो, त्यामुळे आपलं पाणी लक्षद्वीप-अंदमानसारखं काचेसारखं नसतं. चांगल्या दिवशीही तळाजवळ दोन फटके चुकीचे बसले की मागून येणाऱ्यांपुढे धूर झाल्यासारखं होतं. गाळाचे कण इतके बारीक असतात की ते खाली बसायला बराच वेळ लागतो. यावर उपाय म्हणजे फ्रॉग किक. ती लोकप्रिय केली पाण्यानं भरलेल्या गुहांत जाणाऱ्या डायव्हर मंडळींनी. तिथं गाळ उठला तर बाहेर पडायची वाटच दिसत नाही, त्यामुळे त्यांना शिकणं भागच होतं.

ती मी जशी शिकलो तशी सांगतो. पोटावर आडवे, गुडघे काटकोनाच्या आसपास वाकलेले, फिन्स पाठीच्या रेषेपेक्षा थोड्या वर. आता टाचा किंचित जवळ ओढा आणि पावलं बाहेरच्या बाजूला फिरवा, जणू तळपाय दोन बाजूंच्या भिंतींना दाखवायचे आहेत. इथं घोटा लांबवायचा नाही, उलट बोटं नडगीकडे ओढायची. उकिडवं बसायची सवय असलेल्यांचा घोटा याला सहज तयार होतो. मग दोन्ही तळपाय मागे आणि आत अशी गोल फेरी घेऊन एकमेकांजवळ आणा. शेवटी दोन्ही पात्यांमधलं पाणी पिळून मागे फेकल्यासारखं वाटलं पाहिजे. आणि मग काहीही करू नका. दोन सेकंद, तीन सेकंद, वेग ओसरेपर्यंत नुसतं सरकत राहा.

ही विश्रांतीच सगळ्यात अवघड जाते. पाय थांबले की काहीतरी चुकतंय असं वाटतं आणि माणूस लगेच पुढची किक मारतो. पण पावलं परत जवळ ओढताना पातं थोडा अडथळा करतंच. वेग असतानाच ती ओढली तर मिळवलेला वेग आपणच खातो. थांबल्यानं किक पूर्ण वसूल होते. शिवाय फिन्स वर असल्यानं पाणी मागे आणि थोडं वरच्या बाजूला जातं, तळाला लागत नाही.

बुडालेल्या जहाजाजवळ याचं महत्त्व अनेकपटींनी वाढतं. जहाजाच्या आत वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साठतो, डोक्यावर छप्पर असतं, सरळ वर येता येत नाही. आत जाण्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावंच लागतं आणि त्यात दोरी आणि दिव्याच्या बरोबरीनं पायांची शिस्त शिकवतात. निवतीला पुढेमागे जायचं मनात असेल तर बाहेरून बघायलासुद्धा ही किक येत असलेली बरी.

याच किकची दोन भावंडं आहेत. एक पाय स्थिर ठेवून दुसऱ्यानं छोटी फेरी घेतली की जागच्या जागी वळता येतं. आणि हीच फेरी उलटी घेतली, म्हणजे पाय लांब करून पात्याच्या कडांनी पाणी पुढे ओढलं, की मागे सरकता येतं. मागे सरकणं शिकायला मला आठ-दहा डाइव्ह लागल्या. पण एखाद्या खडकाच्या कपारीत डोकावून, कशालाही हात न लावता मागे येता आलं, तेव्हा पाण्याखाली पहिल्यांदाच पाहुण्यासारखं नीट वागलो असं वाटलं.

प्रवाह असेल तर ही किक पुरेल का?

नाही, नेहमी पुरत नाही, आणि हे मान्य केलं पाहिजे. फ्रॉग किकमध्ये रेटा तुटक मिळतो. सरकण्याच्या त्या दोन सेकंदांत प्रवाह तुम्हाला मागे नेतो. तेव्हा मोठ्या, सावकाश फ्लटर किकवर जावं, कारण तिच्यात एक पाय थांबतो तेव्हा दुसरा काम करत असतो. तळाजवळ प्रवाह कमी असतो, तिथून जावं. त्याला आडवं ओलांडता येत असेल तर समोरून भांडू नये. दम लागलाच तर थांबावं, काहीतरी धरता येण्याजोगं असेल तर धरून लांब श्वास सोडावेत. धापा टाकत पाय मारत राहिलं तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, श्वास अपुरा वाटायला लागतो आणि घबराट तिथून सुरू होते.

पोटरीत गोळा आला तर?

येतो, सगळ्यांना कधी ना कधी येतो. त्या पायाच्या फिनचं टोक हातानं धरा, पाय सरळ करत टोक आपल्याकडे ओढा, पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो. सोबत्यालाही ते टोक ढकलता येतं. वारंवार येत असेल तर फिन ताठ आहे, पाऊल घट्ट बसतंय किंवा बोटं आखडून धरली जातायत, यांपैकी काहीतरी आहे.

हवेचा हिशेब

टाकी समजा ११ लिटरची, २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट, दाबानं भरलेली. म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की वापरायला उरतात १६५० लिटर. शांत माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर लागतात असं धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून ३० लिटर. टाकी ५५ मिनिटं पुरली. आता पाय मारून मारून श्वास दुप्पट झाला तर तीच टाकी साडेसत्तावीस मिनिटांत संपते. २० मीटरवर दाब तिप्पट, तिथं हा फरक साधारण ३६ मिनिटं आणि १८ मिनिटं असा होतो. मालवणला पहिल्या दिवशी माझं काय झालं होतं, ते या आकड्यांत आहे.

मी एकदाच, पर्यटक म्हणून जाणार आहे. मला याचं काय?

पर्यटकांच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुमच्या टाकीला धरून तुम्हाला फिरवतो. कित्येकदा फिन्स दिल्याही जात नाहीत. तेव्हा तुमच्याकडून हवं असतं ते एवढंच, की पाय मारायचेच नाहीत. गुडघे किंचित वाकवा, पावलं मागे, वर ठेवा, आणि त्याला नेऊ द्या. तुम्ही पाय हलवलेत की त्याला तुमच्याशीच ओढाताण करावी लागते.

आणि खाली उभं राहू नका. जे दगड वाटतात त्यातले बरेच प्रवाळ असतात, जिवंत असतात. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे टोपलीएवढा प्रवाळ तुमच्या वयाचा असू शकतो. मालवणच्या समुद्राला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे आणि दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे. तरीही रोज पावलं पडतात, फोटोसाठी म्हणून टेकवली जातात. पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकाला सांगा, मला तळाला टेकवू नका, वरूनच दाखवा. तो आनंदानं ऐकतो, कारण हे प्रवाळच त्याची रोजीरोटी आहेत.

फिन्स मिळाल्या असतील तर बोटीत त्या घालून चालू नका. काठावर बसल्यावरच घाला. चार पावलं चालावीच लागली तर उलटं, पाठीकडे चाला. परत येताना मात्र घाई करू नका. बोट हलत असते, शिडी वर-खाली होत असते, आणि फिन्स काढलेल्या माणसाला पाण्यात जोर राहत नाही. शिडी हातात घट्ट आली की मग एक फिन काढून वर द्या, मग दुसरी, आणि मग चढा.